खांद्यातली बारीकशी कळ : लॅमचा आजार आणि नऊ तासांचा विमानप्रवास

“डॉक्टर, मला एवढंच सांगा, मी विमानात बसू शकते की नाही?”

समोर ३८ वर्षांच्या एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर कुणीतरी लाल शाईत लिहून ठेवलं होतं, ‘विमानप्रवास कायमचा वर्ज्य’. तीन वर्षं त्यांनी ते निमूटपणे पाळलं. आता परदेशात राहणाऱ्या थोरल्या बहिणीची हृदयशस्त्रक्रिया ठरली होती. उड्डाण नऊ तासांचं होतं आणि हाताशी पाच आठवडे होते.

आधीच सांगतो, ही कहाणी एकाच बाईंची नाही. हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या काही रुग्णांचे अनुभव एकत्र गुंफून ती मांडली आहे, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही. तपासण्यांचा आणि निर्णयांचा क्रम मात्र अशा रुग्णांच्या बाबतीत जसा असतो तसाच ठेवला आहे.

आजार आणि पूर्वइतिहास

लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस हे नाव रुग्णांनाही एका दमात घेता येत नाही, म्हणून सगळे ‘लॅम’ म्हणतात. हा दुर्मीळ आजार जवळजवळ फक्त स्त्रियांना होतो, तोही बहुतेकदा ऐन तरुणपणी. टीएससी-१ किंवा टीएससी-२ या जनुकांत बिघाड झालेल्या, गुळगुळीत स्नायूंसारख्या दिसणाऱ्या पेशी फुप्फुसात पसरतात आणि तिथे पातळ भिंतींच्या, हवेने भरलेल्या असंख्य पोकळ्या तयार होतात. या पोकळ्यांना आम्ही सिस्ट म्हणतो. सिस्ट फुप्फुसाच्या कडेला फुटली की हवा फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये शिरते आणि फुप्फुस आक्रसतं. हा न्यूमोथोरॅक्स. लॅम असलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो आणि पुष्कळदा आजाराचं निदानच त्यामुळे होतं.

या बाईंचंही तसंच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी उजवं फुप्फुस आक्रसलं, नळी घालून हवा काढली, त्या घरी गेल्या. चार महिन्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी कुणीतरी सीटी स्कॅन करायचं सुचवलं आणि दोन्ही फुप्फुसं सिस्टनी भरलेली दिसली. रक्तातल्या व्हीईजीएफ-डी या प्रथिनाची पातळी ८०० पिकोग्रॅमच्या वर होती, त्यामुळे फुप्फुसाचा तुकडा काढून तपासायची वेळ आली नाही. डाव्या मूत्रपिंडात अँजिओमायोलायपोमाची, म्हणजे लॅमसोबत आढळणाऱ्या, कर्करोग नसलेल्या प्रकारची, दोन सेंटिमीटरची गाठही सापडली. उजव्या बाजूला प्लुरोडेसिस झालं, म्हणजे फुप्फुस छातीच्या भिंतीला आतून चिकटवलं, आणि सिरोलिमस हे औषध सुरू झालं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइल्स’ या चाचणीत, औषध चालू असेपर्यंत ते फुप्फुसाच्या क्षमतेची घसरण रोखतं असं दिसलं होतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लॅमसाठी त्याला मान्यता दिली.

आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांची एफईव्ही-१, म्हणजे जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, अपेक्षेच्या ६१ टक्के होती आणि डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू पोहोचवण्याची क्षमता, ४६ टक्के. बोटाला लावायच्या यंत्रावर रक्तातला ऑक्सिजन बसल्या जागी ९५ टक्के, सहा मिनिटं चालल्यावर ८८. डाव्या बाजूला तोवर कधीच काही झालं नव्हतं.

लाल शाईतलं वाक्य

तसं लिहिणाऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. नुकतंच दोनदा फुप्फुस आक्रसलेल्या रुग्णाला त्या क्षणी ‘विमान नको’ सांगणं योग्यच होतं. चूक ‘कायमचा’ या शब्दात होती. लॅमच्या कित्येक स्त्रियांना असा सरसकट मज्जाव केला जातो आणि त्या नोकरी, नातेवाईक, कधीकधी तर दूरच्या तज्ज्ञांकडचे उपचारही सोडून देतात. मला याचं वाईट वाटतं.

२००७ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात लॅमच्या स्त्रियांच्या विमानप्रवासाचं एक सर्वेक्षण आलं. त्यात २७६ स्त्रियांच्या ४५४ उड्डाणांची माहिती होती. ९५ जणींना डॉक्टरांनी ‘विमान टाळा’ असं सांगितलेलं होतं. न्यूमोथोरॅक्स झाल्याचं १० जणींनी कळवलं आणि त्यातल्या आठ जणींचा एक्स-रेवर पक्का झाला. सर्वांत जास्त नोंदली गेलेली तक्रार होती ती मनातल्या धास्तीची, २२ टक्के. पण या लेखातली एक ओळ मी प्रत्येक रुग्णाला वाचून दाखवतो. न्यूमोथोरॅक्स झालेल्या दहांपैकी पाच जणींना त्रास विमानात चढण्याआधीच सुरू झाला होता.

म्हणजे निम्म्या जणी छातीत हवा घेऊनच विमानात चढल्या असण्याची दाट शक्यता आहे. ही ओळ वाचल्यापासून ‘विमान सुरक्षित आहे का’ हा प्रश्न मला अपुरा वाटू लागला. आज, या उड्डाणाआधी, या छातीत काय चाललं आहे, हे आधी विचारायला हवं.

दोन वेगळे धोके

विमान कितीही उंच गेलं तरी आतला दाब ८००० फुटांवरच्या दाबापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, असा प्रवासी विमानांच्या रचनेचा नियम आहे. ८००० फूट म्हणजे सुमारे २४४० मीटर. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० यांसारख्या नव्या विमानांत हा आकडा ६००० फुटांच्या आसपास राखला जातो. या कमी दाबाचे शरीरावर दोन परिणाम होतात आणि लोक, कधीकधी डॉक्टरही, त्यांची गल्लत करतात.

पहिला परिणाम ऑक्सिजनवर. ८००० फुटांवरच्या दाबात श्वास घेणं म्हणजे समुद्रसपाटीवर २१ ऐवजी सुमारे १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा घेणं. निरोगी माणसाचाही ऑक्सिजन तिथे नव्वदीच्या सुरुवातीला येतो, पण त्याला ते जाणवत नाही. ज्यांची जमिनीवरच ओढाताण आहे त्यांची घसरण मोठी असते.

दुसरा परिणाम बंदिस्त हवेवर. दाब कमी झाला की हवा फुगते. शरीरातली हवा उबदार आणि बाष्पाने भरलेली असते, हे धरून हिशेब केला तर ८००० फुटांवर तिचं आकारमान जमिनीवरच्या तुलनेत ३५ ते ३८ टक्क्यांनी वाढतं, ६००० फुटांवर सुमारे सव्वापट होतं. श्वासनलिकेशी नीट जोडलेल्या सिस्टमधली जास्तीची हवा बाहेर पडते. जिची वाट अरुंद किंवा बंद आहे ती सिस्ट ताणली जाते. फुप्फुसाबाहेर आधीच साठलेल्या हवेला तर जायला जागाच नसते.

ऑक्सिजन यंत्र पहिल्या धोक्यावरचा उपाय आहे. दुसऱ्या धोक्याबाबत ते काहीच करू शकत नाही. हे मी बाईंना कागदावर चित्र काढून समजावलं, कारण “ऑक्सिजन सोबत असला की झालं ना?” असं त्यांनी तीनदा विचारलं होतं.

ऑक्सिजनची चाचणी

आधी छातीचा एक्स-रे काढून छातीत हवा नाही याची खात्री केली. मग हायपॉक्सिक चॅलेंज चाचणी झाली. यात मास्कमधून १५ टक्के ऑक्सिजनची हवा वीस मिनिटं देतात आणि बोटावरचा आकडा व धमनीतलं रक्त पाहतात. ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या खाली किंवा धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ५० मिलिमीटरच्या खाली गेला, तर प्रवासात ऑक्सिजन लागतो. बाईंचा आकडा चौदाव्या मिनिटाला ८३ झाला, रक्तातला ऑक्सिजनचा दाब ४८. नाकातून मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन दिल्यावर बोटावरचा आकडा ९२ वर स्थिरावला.

त्यांना फारशी धाप लागली नव्हती. “मला काहीच वाटलं नाही हो,” त्या म्हणाल्या. म्हणूनच ही चाचणी लागते. पण ती दाब बदलत नाही, फक्त हवेतला ऑक्सिजन कमी करते, त्यामुळे सिस्ट फुटेल की नाही याबद्दल तिच्यातून काही कळत नाही. चाचणी चांगली आली म्हणून खांद्यातल्या दुखण्याकडे काणाडोळा करणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

मग तयारी. विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज आम्ही भरून दिला. स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत, मान्यताप्राप्त कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे आजूबाजूच्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारं बॅटरीवरचं यंत्र, चालतो. बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या हव्यात आणि जादा लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवायच्या. विमानात वरून खाली येणारे पिवळे मास्क केबिनचा दाब अचानक गेला तरच उपयोगाचे असतात, त्यातला ऑक्सिजन काही मिनिटांपुरता असतो. त्या भरवशावर कुणी जाऊ नये.

कॉन्सन्ट्रेटरबाबत एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लहान यंत्रं श्वास आत घेतानाच ऑक्सिजनचा झोत सोडतात आणि त्यावरचा ‘२’ हा आकडा म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे. शिवाय झोपेत तोंडाने श्वास घेतला तर यंत्राला श्वास कळेलच असं नाही. बाईंनी भाड्याने घेतलेलं यंत्र लावूनच आम्ही चाचणीचा शेवटचा भाग पुन्हा केला. ‘२’ वर त्यांचा ऑक्सिजन ८७ होता, ‘३’ वर ९१. हे न पाहता पाठवलं असतं तर नऊ तास त्या कमी ऑक्सिजनवर बसल्या असत्या.

निघताना मी त्यांना एक कागद दिला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : छातीत, पाठीत किंवा खांद्यात नवं दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, नवा कोरडा खोकला, यातलं काहीही असेल तर विमानात चढायचं नाही. त्याच दिवशी छातीची तपासणी.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी

सकाळी सव्वाअकराला फोन आला. “बॅग उचलताना डावा खांदा लचकलाय बहुतेक. एवढ्यासाठी फोन करायचा नव्हता, पण तुमचा तो कागद फ्रिजवर लावलाय ना, तो सारखा दिसतोय.”

कळ बारीक होती. खोल श्वास घेतला की टोचायची, हात वर केला तर काही होत नव्हतं. मला खटकलं ते हेच. स्नायू लचकला असेल तर हात हलवल्यावर दुखायला हवं. श्वासाबरोबर दुखतं तेव्हा बहुधा फुप्फुसाचं आवरण बोलत असतं, आणि त्याचं दुखणं खांद्यात उमटू शकतं.

एक्स-रे काढला. तो पाहणाऱ्या डॉक्टरांना काही दिसलं नाही आणि खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत मलाही दिसलं नाही. सिस्टनी भरलेल्या फुप्फुसात ही अडचण कायमची आहे. आक्रसलेल्या फुप्फुसाची रेघ सिस्टच्या शेकडो भिंतींत हरवून जाते. उलटही होतं. मोठी सिस्ट न्यूमोथोरॅक्ससारखी दिसते आणि कुणी तिच्यात नळी घातली तर धडधाकट जागी नवं भोक पडतं. म्हणून लॅमच्या रुग्णाला नवं लक्षण असेल आणि एक्स-रे ‘ठीक’ असेल, तर मी तिथे थांबत नाही. कमी किरणांचं सीटी केलं. डाव्या छातीत पुढच्या बाजूला हवेची जेमतेम सेंटिमीटरभर जाड पट्टी होती.

जमिनीवर ही पट्टी किरकोळच. बाई बोलत होत्या, चालत होत्या, ऑक्सिजन ९४ होता. पण विमान वर चढताच ती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुगली असती, आणि सिस्टचं भोक अजून उघडं असेल तर प्रत्येक श्वासाबरोबर तिच्यात भर पडली असती. उजवं फुप्फुस छातीला चिकटवलेलं असलं तरी त्याची क्षमता आधीच कमी. अशा वेळी डावं आक्रसलं तर राखीव असं काही उरत नाही. जवळच्या विमानतळावर उतरायलाही लांबच्या मार्गावर तास-दोन तास लागू शकतात, आणि तोवर विमानात ना एक्स-रे असतो, ना छातीत नळी घालण्याची धड सोय.

१९९५ साली हाँगकाँगहून लंडनला निघालेल्या विमानात प्राध्यापक अँगस वॉलेस यांनी एका प्रवासी स्त्रीच्या छातीतली कोंडलेली हवा कपड्यांचा हँगर आणि लघवीची नळी वापरून काढली होती. डॉक्टरांच्या कल्पकतेचा नमुना म्हणून ही घटना सांगितली जाते. मला तिच्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. त्या स्त्रीला इजा विमानात झालीच नव्हती. विमानतळाकडे येताना अपघात झाला होता आणि बरगडीला मार लागलेला असतानाच ती विमानात बसली होती.

“उद्या जाता येणार नाही,” मी म्हणालो. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग रडल्या. “ताईला काय सांगू?” मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. अशा वेळी समजुतीची वाक्यं फेकू नयेत, असं मला वाटतं. नंतर त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. कळ आदल्या रात्रीच सुरू झाली होती. तिकिटाचे पैसे बुडतील, यंत्राचं भाडं वाया जाईल, म्हणून त्या रात्रभर बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मी अशा रुग्णांना, तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा, म्हणून बजावतो. तिकिटाचे पैसे परत मिळणार नसतील तर माणूस खरं लक्षण लपवतो, आणि आम्हा डॉक्टरांपर्यंत ते पोहोचतच नाही.

उपचार

एकदा हवा काढून सोडून दिलं तर लॅममध्ये न्यूमोथोरॅक्स परत येण्याचं प्रमाण फार मोठं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसत्या नळीसारख्या साध्या उपचारांनंतर ६६ टक्के वेळा तो पुन्हा झाला. रसायन वापरून फुप्फुस चिकटवल्यावर हे प्रमाण २७ टक्के होतं, शस्त्रक्रियेनंतर ३२ टक्के. म्हणून लॅममध्ये पहिल्याच न्यूमोथोरॅक्सला प्लुरोडेसिसचा विचार करावा, असं अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शनात आहे. आपल्या बाईंच्या उजव्या बाजूला ते दुसऱ्या खेपेला झालं होतं. डाव्या बाजूला थांबायचं कारण नव्हतं.

पुढे कधी फुप्फुस प्रत्यारोपणाची वेळ आली तर चिकटलेल्या फुप्फुसामुळे शस्त्रक्रिया अवघड होते, रक्तस्राव वाढतो, पण तेवढ्यावरून प्रत्यारोपणाचं दार बंद होत नाही. हेही त्यांना आधीच सांगितलं. सिरोलिमसमुळे जखमा सावकाश भरतात, म्हणून शल्यचिकित्सकांशी बोलून ते काही काळ थांबवलं. दुर्बिणीतून डाव्या बाजूचं प्लुरोडेसिस झालं. सहाव्या दिवशी नळी निघाली, जखमा भरल्यावर औषध पुन्हा सुरू झालं. बहिणीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्या इस्पितळाच्या खाटेवरून, फोनच्या पडद्यावरूनच तिच्या सोबत राहिल्या.

पुन्हा तिकीट

एक्स-रेवर फुप्फुस पूर्ण उघडलेलं दिसल्यावर किमान ७ दिवस थांबून उड्डाण करावं, असं ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी म्हणते. हा आकडा सर्वसाधारण रुग्णांसाठीचा आहे. दोन्ही फुप्फुसं सिस्टनी भरलेली, त्यात नुकतीच शस्त्रक्रिया, म्हणून आम्ही सात आठवडे घेतले. सीटीत डावं फुप्फुस सगळीकडे छातीला टेकलेलं होतं. ऑक्सिजनची चाचणी पुन्हा केली, या वेळी आकडा ८२ पर्यंत गेला. यंत्र ‘३’ वर ठेवायचं आणि चालताना ‘४’ वर न्यायचं, असं ठरलं.

केबिनचा दाब जास्त राखणाऱ्या विमानाचं तिकीट मिळालं. ऐन वेळी विमान बदललं जाऊ शकतं, म्हणून आमचा हिशेब ८००० फुटांचाच होता. जाताना शौचालयापर्यंत चालल्यावर त्यांचा आकडा एकदा ८७ झाला, बसल्यावर ९१ ते ९३ राहिला. नऊ तासांत त्या दर तासाला पाय हलवत होत्या आणि झोप आली तेव्हा शेजारच्या भाच्याला यंत्राच्या दिव्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. एवढ्या बारकाईने कुणी वागलं की डॉक्टरलाही धीर येतो.

बहिणीकडे त्या तीन आठवडे राहिल्या. परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा निरोप आला : “कळ नाही, खोकला नाही, धाप नेहमीइतकीच. बसून ९५. बॅग भाचा उचलणार आहे. तरी एकदा एक्स-रे काढून घेऊ का?”

नवी तक्रार नसताना प्रत्येक उड्डाणाआधी एक्स-रे काढायची गरज नसते. मी तसं कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोल श्वास घेऊन खांद्याकडे एकदा लक्ष द्या, असंही लिहिलं. पहाटे उत्तर आलं, “दिलं. काही नाही. निघते.”